तांब्याचं तोंड

३ ऑक्टोबर

काल दसऱ्याचं सोनं द्यायला दे.च्या घरी गेले. दे. म्हणजे देशमाने सर. या वहीत त्यांचं पूर्ण नाव परत लिहायचं नाही, शाई माझी आहे.

हॉलमध्ये टीव्हीच्या वर आमचा मुखवटा. त्याच्यावर खास पिवळा दिवा सोडलाय. खाली पाटी: दुर्मिळ आफ्रिकी नृत्य-मुखवटा, सालांपासू जमात, काँगो. संग्राहक म्हणून स्वतःचं नाव, प्रा. लावून. गेल्या खेपेला पाटी नव्हती.

परत मागितला. म्हटलं, सर, कॉलेजच्या प्रदर्शनाला म्हणून आठ दिवसांसाठी नेला होतात, सुभेदार तेव्हा चालते-फिरते होते. नंतर त्यांना झटका आला, दवाखाना झाला, लिंगैक्य झाले, त्या गडबडीत वस्तू मागायची शुद्ध कुणाला होती? दे. सोफ्यावर मागे रेलून हसला. "वहिनी, सुभेदारांनी तो मला भेट दिला होता. तुम्हाला बोलले नसतील."

माझा नवरा मला काय बोलला नि काय नाही, हे आता हा सांगणार!

विमल, त्याची बायको, चहा घेऊन आली. माझ्याकडे बघितलं नाही, कपांकडे बघत राहिली. मी आपट्याची पानं त्याच्या हातावर ठेवली, सोन्यासारखे राहा म्हटलं. मनात जे म्हटलं ते वहीतसुद्धा लिहिता येत नाही.

५ ऑक्टोबर

दुकानात भाकऱ्या थापताना आज हात इतका जोरात पडत होता की कामाला येणारी शारदा म्हणाली, अक्का, परात फुटंल की.

डोळ्यापुढून ते तोंड हलत नाही. पुढे आलेलं गोल कपाळ, डोळ्यांच्या जागी नुसत्या फटी, तासून टोक काढलेले दात. सगळ्या चेहऱ्यावर तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या. डोक्यावर वेताच्या विणलेल्या गोळ्यांचा घोस. सुभेदारांनी ट्रंकेतून पहिल्यांदा काढलं तेव्हा मी ओरडलेच होते. ते म्हणाले, बरोबर आहे, तिकडेही हा नाचायला निघाला की बायका-पोरं पळत सुटायची.

काँगोत शांतिसेनेच्या मिशनवर असताना गोमा शहरातल्या फौजी दवाखान्यात त्यांना काबेया भेटला. सालांपासू म्हातारा, गाव सोडून फार लांब आलेला, पाय सडलेला. सुभेदार रोज त्याची पट्टी करायचे. दोघांची भाषा म्हणजे मोडकं फ्रेंच, मोडकं हिंदी नि बाकी हातवारे. निघताना म्हाताऱ्याने गाठोड्यातून हे काढून दिलं. त्याची पोरं मारामारीत गेली होती. त्याच्यामागे हे घालून नाचणारं कुणी उरलं नव्हतं.

पण बजावून दिलं होतं. लाकडाचे साधे मुखवटे वेगळे. तांब्याचं तोंड चढवायचा अधिकार कमवावा लागतो, पायरी पायरीने. जुन्या काळी म्हणे त्यासाठी लढाईत माणूस मारलेला असावा लागायचा. म्हणून सुभेदारांनी तो एकदाही तोंडाला लावला नाही. नातेवाईक आले की म्हणायचे, लावा की, फोटो काढू. हे म्हणायचे, माझा तेवढा अधिकार नाही. चादरीत गुंडाळून ट्रंकेत ठेवायचे. महिन्या-दोन महिन्यांनी काढून मांडीवर घ्यायचे, कोरड्या फडक्याने पुसायचे, परत ठेवायचे. तांबं काळंभोर होतं. मी एकदा म्हटलं, घासून देऊ का? तर माझ्यावर इतके चिडले की दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. तो मळ नाही, म्हणाले. ती त्या लोकांची पिढ्यान् पिढ्यांची धूर नि घामाची कमाई आहे.

माणूस मारलेला असावा लागतो. मग मला हक्क आहे. मनातल्या मनात मी दे.ला रोज मारते.

६ ऑक्टोबर

गौरीचा पुण्याहून फोन. आई, सोड ना आता, लाकडाचा तुकडा आहे तो. म्हटलं, तुझ्या बापाने एवढी वर्षं नोकरी करून घरी आणलेली एकच वस्तू आहे ती. बाकी सगळं फौजी कँटीनचं. फोन ठेवला. तिनेच ठेवला की मी, आठवत नाही.

११ ऑक्टोबर

पोलीस चौकीत जाऊन आले. हवालदार पोरगा चांगला होता, खुर्ची दिली. वस्तूची पावती आहे का विचारलं. म्हटलं, बाबा, सडलेल्या पायाची पट्टी केली त्याची कुठली पावती. त्याने पेन खाली ठेवलं. सर मोठे माणूस आहेत, आपसात मिटवा काकू, म्हणाला.

आपसात मिटवायचंच आहे. कसं मिटवायचं ते माझं मी बघते.

१४ ऑक्टोबर

दे.चा माणूस ऑर्डर घेऊन आला! नोव्हेंबरात प्रदर्शन आहे, पाहुण्यांसाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी माझ्याकडचीच पाहिजे म्हणे. सोलापूरची ओळख म्हणून.

आधी हाकलून देणार होते. मग म्हटलं, घेते. चटणीत तिखट असं घालते की संग्राहकाच्या कानातून धूर निघेल. तिखटाचा डबा हातात घेतलाही. पण पाकिटावर माझं नाव छापलेलं. ठेवला परत.

उट्टं काढायचं तर ते चारचौघांत काढायचं. प्रदर्शनातच उभी राहते आणि विचारते, सर, हा कुणी दिला, कुणाला दिला, का दिला, तीन गोष्टी सांगा. त्याला एकही सांगता यायची नाही. त्या दिवशी इरकल नेसायची, हिरवी. ठरलं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

विमल आली होती फराळाचा डबा घेऊन. एकटी. तिचा भाऊ वैरागला होता तो वारला, म्हणून दरवर्षी ती या दिवशी माझ्याकडे येऊन बसते. दे.ला वाटतं देवळात गेलीय.

चकली मोडत मोडत म्हणाली, ताई, एक सांगू का, चिडू नका. लक्ष्मीपूजनाच्या आधी सर म्हणाले, हॉल लख्ख कर, पाहुणे येतील. हिने समया काढल्या, घंगाळ काढलं, कलश काढला. मग भिंतीवरचं ते. तांबंच आहे की, काळं पडलंय, बरं दिसत नाही. चिंच भिजत घातलेली होतीच. चिंच-मीठ लावलं, नारळाच्या शेंडीने घासलं, वर राखेचा हात दिला. काळं सगळं निघालं. डोळ्यांभोवतीचा तांबडा रंगही पाण्याबरोबर वाहून गेला.

"इतकं चमकलं ताई, सर म्हणाले, वा. पण मला पुसताना कसंतरीच झालं. दुसऱ्या कुणाचं तरी तोंड हातात आल्यासारखं."

मी उठून मोरीत जाऊन उभी राहिले. नळ सोडला नि रडले. तिला काय बोलू? आपल्या घरातली कुठलीही बाई हेच करेल. दिवाळीला काळं तांबं घरात ठेवते का कुणी? मीसुद्धा घासणारच होते की तेव्हा, यांनी अडवलं म्हणून. विमलला अडवायला कुणी नव्हतं. ज्याने अडवायचं तो वा म्हणाला. हा म्हणे संग्राहक.

बाहेर येऊन तिच्या हातावर लाडू ठेवला. दे.वरचा राग आत्तापर्यंत चुलीवर होता, आता पोटात उतरलाय.

२४ ऑक्टोबर

सुभेदारांच्या फोटोपुढे उभं राहायची लाज वाटते.

१६ नोव्हेंबर

आल्या आल्या लिहितेय, अक्षर लागलं नाही तर नाही.

हॉल भरला होता. दे. जाकीट घालून. तांबं दिव्याखाली असं झगमगत होतं, भांड्याच्या दुकानातून कालच आणल्यासारखं. मी तिसऱ्या रांगेत, हिरवी इरकल, तोंडात तीन प्रश्न तयार. पुण्याहून एक बाई आल्या होत्या, अशाच वस्तूंचा अभ्यास करणाऱ्या.

भाषणाआधी दे.ने काय करावं? मुखवटा उचलला आणि तोंडाला लावला. फोटोसाठी. दोन बोटं वर करून, पोरं करतात तसं. लोक हसले, टाळ्या. पुण्याच्या बाई म्हणाल्या, असं करू नका. तोवर करून झालं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उठणार तेवढ्यात त्या बाई मुखवट्याकडे वाकून बघायला लागल्या. पुढून बघितलं, बाजूने बघितलं. दे.च्या कानात काहीतरी बोलल्या. तो म्हणतो, छे छे मॅडम, माइकवर सांगा, सोलापूरकरांना कळू दे.

त्या नको म्हणत होत्या. यानेच माइक त्यांच्या तोंडाशी धरला. मग त्यांनी सांगितलं, शक्य तितकं सौम्य. तांबं अगदी नवं दिसतंय. वापराच्या खुणा नाहीत, रंग नाही. असे मुखवटे तिकडे पर्यटकांसाठी बनवून विकतात. हा बहुतेक तसला.

दे.चं तोंड चिंचेसारखं झालं. एवढ्यावर थांबलं असतं तर मी पेढे वाटले असते. पण तो कसला थांबतोय. माइक घेतला नि म्हणाला, "हा मला एका दिवंगत फौजी मित्राने खरा म्हणून दिला. बिचाऱ्याला कळत नसेल, किंवा कळत असेल. जाऊ द्या, मेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं."

बोललास की मग.

तीन प्रश्न तोंडातच राहिले. एकच शब्द बोलायचा होता, चिंच. विमल पहिल्या रांगेत बसली होती. मान वळवून माझ्याकडे बघत होती, आणि तिचे डोळे बघून मी मिठाची गुळणी धरली.

१७ नोव्हेंबर

सकाळी सहालाच विमलचा फोन. बोलू नका ताई, पाया पडते, घासल्यामुळे हे झालं हे अजून सरांच्या डोक्यात आलेलं नाही. मी म्हटलं, बोलले का काल?

तिचं बरोबर आहे. मागे एकदा तिच्या हातून शोकेसची काच फुटली तर हा तिला वैरागला सोडून आला होता, आणायला गेलाच नाही. शेवटी चार माणसं मध्ये पडली तेव्हा आणली. आता भाऊ नाही, भावजय दारात उभी करत नाही. काचेसाठी एवढं, तर याच्यासाठी काय करेल?

आणि याला हे माहीत आहे. बायकोला आपल्याशिवाय कुठे जायला जागा नाही, हे त्याला पक्कं माहीत आहे. त्याच्या अब्रूचं खोबरं कधी होईल तेव्हा होईल, पहिलं खोबरं तिचं होणार.

२२ नोव्हेंबर

सलीमभाई रिक्षात पोतं घेऊन आले. म्हणाले, अक्का, सरांनी पाठवलंय, और बोले की, त्यांच्या घरात खोट्या मालाला जागा नाही. सलीमभाईंनी मान खाली घालून सांगितलं. सुभेदारांना ते शाळेपासून ओळखायचे.

पोत्यात मुखवटा. बटाट्याच्या पोत्यात. वेताचे दोन गोळे तुटलेले.

एवढी वर्षं मागत होते ते असं मिळालं. वस्तू आली, नाव गेलं. ओट्यावर ठेवून बघत बसले. चकचकीत. ओळखच देत नाही. आमच्या घरातून गेला तो हा नव्हे आणि हाच. कोरडं फडकं घेतलं, मग उगाच वाटलं म्हणून ठेवलं.

देशमाने! घे, लिहिलं पूर्ण नाव. तुला असा नागडा करते की नाही बघ.

२९ नोव्हेंबर

माजी सैनिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी बातमीचं कात्रण टाकलंय. बनावट मुखवटा. खाली हसरी तोंडं. एकाने लिहिलंय, सुभेदारसाहेब पट्ट्या करता करता बाजारही करत होते तर. ज्याने लिहिलं त्याच्या मुलाच्या टायफॉईडला सुभेदार तीन रात्री बसले होते.

शेजारची विचारते, खरंच का हो? मी म्हटलं, काय खरंच? ती म्हणाली, काही नाही. काही नाही म्हणणाऱ्यांनीच गाव भरलंय.

पुतण्या भरतीला उभा राहणार आहे, त्यालाही पोरं चिडवायलीत म्हणे.

३ डिसेंबर

मनात काय काय येतं. दे.च्या जुळे सोलापूरच्या बंगल्यासमोर पाट मांडून बसावं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चिंच वाटावी. त्याच्या दारावर काळं फासावं. त्याच्या त्या जाकिटाला चिंच-मीठ लावून नारळाच्या शेंडीने घासावं, तो आत असताना.

शारदा म्हणते अक्का एकट्याच हसायला लागल्यात, काहीतरी बघा त्यांना.

१२ डिसेंबर, पुणे

पहाटेच्या गाडीने आले, मुखवटा मांडीवर. डब्यातली एक पोरगी बघून रडली, जागा बदलून बसली. लई बरं वाटलं मला. चमकला तरी भीती घालतोय अजून.

गौरी त्या बाईंकडे घेऊन गेली. सुट्टी टाकून आली, न भांडता. बाईंनी मला ओळखलं नाही, मुखवटा ओळखला, अवघडल्या. मी म्हटलं, तुम्ही माझ्या नवऱ्याला भर सभेत खोटं ठरवलंत, आता एकदा नीट बघा. गौरीने माझा हात दाबला. दाबू दे.

बाईंनी मुखवटा पालथा घेतला. प्रदर्शनात त्यांनी पालथा घेतलाच नव्हता, दिवा नि माइक यांच्यात कुठे वेळ होता. आतून लाकूड काळं, गुळगुळीत. कपाळ जिथे टेकतं तिथे खळगा पडल्यासारखं. हनुवटीपाशी वेगळी झीज, नाकापाशी वेगळी. कडेच्या भोकांमधून दोऱ्या ओढून ओढून भोकं लांबट झालेली. वेताच्या गोळ्यांच्या खाली, जिथे विमलचा हात पोचला नाही, तिथे जुना तांबडा रंग आणि काजळी. बाईंनी त्या भोकांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "हा पुष्कळ वर्षं नाचलाय. एकाहून जास्त माणसांनी नाचवलाय. चूक माझी झाली, मी बाहेरूनच बोलले."

मला वाटलं होतं मी उड्या मारेन. खुर्चीत बसून राहिले. सुभेदार, ऐकलंत का.

बाई म्हणाल्या, तुम्ही म्हणाल तिथे येऊन, म्हणाल त्या माइकवर हे सांगते. आत्ता सरांनाही फोन करते. फोन हातात घेतलाही. पण लोक विचारतील बाहेरून असा कसा झाला, आणि मी खोटं सांगणार नाही. कुणी घासला हा?

मी म्हटलं, थांबा थोडं.

गौरी रिक्षात म्हणाली, आई, तू थांबा म्हणालीस? तू?

१३ डिसेंबर

गौरीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, तूच घासलास म्हणून सांग. म्हटलं, कसं? त्याच्याच दसऱ्याच्या फोटोत त्याच्या भिंतीवर तो काळा आहे, पाटीसकट. फेसबुकभर टाकलाय त्याने. आता त्याला एवढंच आठवावं लागेल की मधल्या दिवाळीत तो कुणी घासला. तेवढी अक्कल त्याला आहे.

३० डिसेंबर

माजी सैनिकांचा मेळावा, अठरा जानेवारीला, सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेचे मुख्य दिवस झाल्यावर. दिवंगतांच्या पत्नींचा सत्कार, प्रत्येकीने दोन शब्द बोलायचे. प्रमुख पाहुणे कोण? दे.! शिवा शिवा! देव असा ताटात वाढून देतो कधी कधी.

पुण्याच्या बाईंना फोन केला. येते म्हणाल्या. म्हटलं, अजून पक्कं नाही, पण येऊन ठेवा.

सगळे तेच असतील. ग्रुपवर हसणारे, टायफॉईडवाला, दे. खुर्चीत मधोमध. माझ्या हातात माइक. मी बोलणार, मग बाई मुखवटा पालथा करून दाखवणार. आणि शेवटी मी एवढंच म्हणणार, या विद्वानाच्या घरात तो चिंचेने घासला गेला नि हा वा म्हणाला. त्यानंतर तो सोलापुरात कुठल्या प्रदर्शनाला उभा राहतो बघू.

रोज भाकऱ्या भाजताना हे भाषण म्हणते. दिवसेंदिवस झकास होत चाललंय.

८ जानेवारी

भाषणात विमलचं नाव नाही. घरात घासला गेला, इतकंच. पण घरात दोनच माणसं आहेत आणि त्यातल्या एकाने जन्मात भांडं घासलेलं नाही.

१५ जानेवारी

काल जत्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या गर्दीत तळ्याच्या कडेला विमल दिसली, दे.च्या मागे दोन पावलं. बाराबंदी घातलेले मानकरी नंदीध्वजांच्या उंच काठ्या घेऊन चालले होते, सगळे हात जोडून वर बघत होते. मी दे.च्या मानेकडे बघत होते. सिद्धेश्वरापुढे उभं राहून असं काय मागायचं? मागितलं मात्र.

१६ जानेवारी

विमलला दुकानात बोलावलं, दुपारी. सगळं सांगितलं. बाईंनी काय बघितलं, अठरा तारखेला काय करणार आहे. म्हटलं, तू त्याच्या आधी इकडे ये. वरची खोली रिकामी आहे. भाकरी तुला येते, शारदाला जोडीदारीण पाहिजेच आहे, तुझ्या मेहनतीचं तुला मिळेल. कुणाच्या मिंधेपणाने राहायला नको. पिशवी भर नि ये, मग त्याने दार लावून घेतलं काय नि उघडं ठेवलं काय.

मला वाटलं ती रडेल, पाया पडेल. तसलं काही नाही. चटणीच्या पाकिटावरचं माझं नाव बोटाने पुसत राहिली, धूळ नव्हती तरी. म्हणाली, एवढी वर्षं वरची खोली रिकामीच होती ताई.

मग वर बघितलं. "तुम्हाला मी इथे पाहिजे आहे, का त्यांची फजिती पाहिजे आहे?"

मी म्हटलं, दोन्ही म्हटलं तर?

ती म्हणाली, "आधी कुठलं?"

चिडलेच मी. म्हटलं, माझ्या नवऱ्याला गाव लबाड म्हणतंय, आणि तू मला हिशेब विचारतेस? तुझ्यासाठीच तोंड शिवून बसले ना दोन महिने? ती म्हणाली, हो, बसलात. मी विसरणार नाही. पिशवी उचलून गेली. येते म्हणाली नाही, येत नाही म्हणाली नाही.

शारदा सगळं ऐकत होती. म्हटलं, काय बघतेस, तवा बघ.

१७ जानेवारी

पुण्याच्या बाई उद्या सकाळी पोचतील. गौरी त्यांच्याबरोबर येतेय. विमलचा फोन नाही. मी दोनदा लावला, दे.ने उचलला, मी ठेवला. दुसऱ्या वेळी तो म्हणाला, कोण हरामखोर आहे. म्हणू दे. उद्या कळेल कोण आहे.

भाषण म्हणून बघितलं. सुभेदारांच्या फोटोपुढे उभी राहून. चिंचेच्या वाक्याला जीभ अडकली. ते वाक्य काढून म्हणून बघितलं तर मजाच येईना. नाव परत मिळायला ते वाक्य लागतच नाही खरं तर, बाईंनी आतलं दाखवलं की पुरे. लोक विचारतील ते विचारतील, टोलवता येईल. ते वाक्य फक्त मला लागतं. दे.चं तोंड कसं होतं ते बघायला.

काढलं. परत घातलं.

१८ जानेवारी

सकाळ. हिरवी इरकल नेसून बसलेय. मुखवटा चादरीत गुंडाळून शेजारी. सलीमभाई खाली हॉर्न वाजवतायत.

विमल आलेली नाही.

तिने विचारलं त्याचं उत्तर मला काल दिवसभर पाठ होतं. फजिती. आधी फजिती, मग ती. खोटं कशाला लिहू. तो माणूस भर सभेत खाली बघतोय हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय, आणि त्यासाठी मी खोली देते, काम देते, काय पाहिजे ते देते. आता पदर खोचताना लक्षात आलं, मी तिला खोली सांगितली, काम सांगितलं, तारीख सांगितली. तिला स्वतःला काय हवंय, ते विचारलंच नाही. दे.नेही कधी विचारलं नसणार. या एका बाबतीत आम्ही दोघं सारखेच निघालो, आणि हे मला अजिबात सोसत नाहीये.

सलीमभाईंना खिडकीतून सांगितलं, हॉल नंतर. आधी जुळे सोलापूर. ते म्हणाले, अक्का, सर घरीच असतील या वेळेला. म्हटलं, असू दे.

त्याच्यादेखत विचारलं तर ती खरं सांगणार नाही, एवढं मला कळतं. त्याला बाजूला कसं काढायचं ते रिक्षात ठरवते. भाषणाचा कागद पर्समध्ये आहे. ते वाक्य अजून त्यात आहे.